मुंगसाची वाट

माझी नात पुण्याला शिकून आली आणि आमच्या धाराशिवच्या घरामागं तिनं बाग करायला घेतली. करायला घेतली म्हणजे, काही न करायला घेतली. माळ्याला काढून टाकलं, खुरपं माळ्यावर टाकलं, आणि मला खुर्चीत बसवून समजावून सांगितलं, "आजी, आपण फक्त बघायचं. जे उगवेल ते उगवू द्यायचं. याला नैसर्गिक बाग म्हणतात."

"आमच्या वेळी याला आळस म्हणत," मी म्हटलं. ती रुसली.

खरं तर मी थापच मारली. आमच्या वेळी याला आळस म्हणत नव्हते, वेड म्हणत. निदान नळदुर्गात तरी म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

निजामाच्या राज्यातली ती शेवटशेवटची वर्षं. माझं लग्न नवं. आमचे हे नळदुर्गच्या नाक्यावर करोडगिरीत कारकून होते. करोडगिरी म्हणजे सरकारी जकात. सोलापूरकडनं येणाऱ्या गाड्या अडवायच्या आणि पोत्यांत काय आहे ते बघायचं. मी बेंबळीची, मराठी चौथी पास. चौथी पास म्हणजे माझ्या मते जवळजवळ बॅरिस्टरच. नाकावर माशी बसली तर ती माझी परवानगी घेऊन बसावी असं मला वाटे.

आम्ही अव्वाच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. कानडीत अव्वा म्हणजे आई. गल्लीतली लहानथोर सगळी तिला अव्वाच म्हणत. तिचं खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारायचं सुचलंही नाही. काटकुळी बाई, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. यजमान आडतीचा धंदा करता करता वारलेले. एकच मुलगा, तो "हैदराबादला शिकतोय" असं ती सांगायची. कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

जागा बघायला गेलो तेव्हा तिनं आमचं गोत्र विचारलं नाही, चूल कुठं मांडणार ते विचारलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरी, समदं घर तुझंच समज. परसात इळा न्यायचा न्हाय. काडी मोडायची न्हाय. जमतंय का तेवढं सांग."

"आणि साप निघाला तर?"

"त्येला म्हणायचं, पुढच्या अंगाला भाडेकरू राहत्यात, तिकडं जाऊ नगंस."

परसू घराच्या दुपटीनं मोठं. मागच्या दारापासून उतरत उतरत थेट बोरी नदीच्या काठाला भिडलेलं. पण ते भिडतं हे ऐकूनच माहीत, कारण दिसत काहीच नव्हतं. माळवदाला टेकलेले एरंड, त्यांच्या पायाशी घाणेरीची जाळी, कुंपणावर सीताफळं, सीताफळांवर गुळवेल, गुळवेलीवर आणखी कसला तरी केसाळ शेंगांचा वेल. आघाडा, धोतरा, कुर्डू, काटेमाठ ही मंडळी तर आपल्याच बापाची जागा असल्यासारखी. आत सातभाईंचा दिवसभर गोंधळ चाले, भारद्वाज घुमे, पण एकही पाखरू दिसायचं नाही. घरातून मागचं कवाड उघडलं की हिरव्या भिंतीवर नाक आपटायचं.

आता माझी बागेची कल्पना ऐका. उस्मानाबादला मी अव्वल तालुकदाराचा बंगला पाहिला होता. अव्वल तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. बंगला पाहिला तो फाटकाबाहेरूनच, पण माझं डोकं फिरायला तेवढं पुरे झालं. चुना फासलेले दगड, तिरप्या विटांची किनार, पट्टी लावून कापल्यागत मेंदी, आणि एका उंचीचे झेंडू, जणू पोलीस हजेरीला उभे. तसं काही तरी आपण करायचं आणि गल्लीला शिकवायचं, असं मी ठरवलं. रॉकेलच्या डब्यात झेंडू लावला, डब्याला चुना फासला, पुढच्या ओट्यावर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. दोन-चार कळ्या धरल्या नाहीत तोच कुणाची तरी शेळी आली आणि डब्यासकट खाऊन गेली म्हटलं तरी चालेल.

मी रडत बसलेली. अव्वा डबा बघायला आली. आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "लावल्यालं लौकर जातंय, पोरी. उगवल्यालं टिकतंय."

"निदान झाडांना थोडं वळण तरी लावा, अव्वा."

"वळण लावाया ती काय सून हाय?"

हे मला होतं की झाडांना, ते माझ्या ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

उन्हाळ्यात तर तिनं कमालच केली. आडाचं पाणी तळाला गेलेलं, लोकांच्या तुळशी वाळल्या, आणि ही बाई तांदूळ धुतलेलं, भांडी घासलेलं, अंघोळीचं पाणी घमेल्यानं नेऊन घाणेरीच्या बुडात ओतायची. मला म्हणायची, "पोरी, तुझं बी पाणी गटारीला सोडू नगं. हितं दे." तणाला पाणी घालणारी बाई उभ्या निजामशाहीत तीच एक असावी. शेजारच्या काकू माझ्याकडं निवडण-टिपण घेऊन येत आणि दोघी मिळून आम्ही अव्वाचं वेड निवडत बसू.

काकूंचा खरा राग मात्र वेगळाच होता. अव्वा मागच्या दाराला सारवण घालत नसे. सडा नाही, रांगोळी तर नाहीच. पुढचा ओटा मी सारवत होते म्हणून घराची अब्रू राहिली, असं काकूंचं म्हणणं. माझंही तेच. "पूर्वी हिच्या मागच्या दारचं सारवण असं असायचं," काकू म्हणत, "की भाकरी टाकून खावी. गाव उठायच्या आत हात फिरलेला. आता बघ. शेणाला महागली का काय म्हातारी."

पाऊस पडून गेल्यावर दाराशी तरोटा उगवला. तरोटा तुम्हांला ठाऊक असेल, गोल पानांचं, पिवळ्या फुलांचं तण. कोवळा असतो तोवर भाजी करतात. पण माणसांच्या राबत्या दारात तो उगवत नाही, पायांखाली जातो. म्हणून आमच्याकडं एखाद्याचं घर बसलं, मागं कुणी उरलं नाही, हे सांगायचं तर "त्याच्या दारात तरोटा उगवला" एवढंच म्हणतात. भांडणात बायका दुसरं काही नाही तर हाच शाप देतात.

काकूंनी एकदा कुंपणावरून तिला तोंडावर सुनावलं, "अव्वा, दारातला तरोटा उपटा. पै-पाव्हणा माघारी फिरतो अशा दारातनं."

"माझा पाव्हणा न्हाय फिरायचा," अव्वा म्हणाली आणि कवाड लावून घेतलं.

माझ्या कानडीची एक गोष्ट सांगून टाकते, नाही तर मी उगाच शहाणी वाटेन. अव्वा पूजेला बसली की मला हाक मारायची, "हूवु ता," म्हणजे फुलं आण. तेवढ्यावर आपल्याला कानडी येतं असं मी गल्लीत सांगून ठेवलं होतं. एका दुपारी ती परसातून ओरडली, "हावु, पोरी, हावु." मी परडी घेऊन धावले. म्हटलं, आज कुठलं तरी खास फूल उमललंय. घाणेरीत हात घालणार, तोच अव्वानं माझी वेणी धरून मागं ओढलं. हातभर अंतरावर धामण वेटोळं घालून बसलेली. हूवु म्हणजे फूल आणि हावु म्हणजे साप, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. परडी तिथंच राहिली. संध्याकाळी हे घरी आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता देवाला काय वाहिलं मग?"

अव्वानंच ती परडी आणून दिली. "जराशा फरकानं माणूस मरतंय, पोरी. नीट ऐकत जा."

थंडीत एकदा आमची मांजर परसात घुसली आणि तिच्यामागं मी. वाकून एरंडाखाली शिरले तर आत चक्क वाट. वरून पाला मिटलेला, खालून माणूस वाकून जाईल एवढा बोगदा, वळणं घेत नदीकडं गेलेला. आणि त्या वाटेवर अव्वा उकिडवी बसून काही तरी वेचत होती. जवळ जाऊन बघितलं तर गोखरू. ते तीन टोकांचे काटे असतात ना, ज्यांच्यावर पाय पडला की माणसाला पूर्वज आठवतात, ते. एवढ्या रानात ती एकेक गोखरू वेचून पदरात टाकत होती. सबंध जंगल माजू दिलेलं आणि वाट मात्र तळहातासारखी.

"ही कसली वाट, अव्वा?"

ती दचकली. मग म्हणाली, "मुंगसाची."

मी म्हटलं असेल. मुंगूस चांगलंच धिप्पाड दिसतंय, एवढंच माझ्या मनात आलं. चौथी पास. मुंगसाच्या पायात काटा मोडू नये म्हणून बाई काटे वेचते, यातसुद्धा मला तिचं वेडच दिसलं. रात्री काकूंना सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली म्हणून उलट बरं वाटलं. मग मी तिला चिडवायलाच लागले, "काय अव्वा, मुंगूस आलं होतं का?" ती म्हणायची, "न्हाय बाई. यील."

त्याच थंडीत एका सकाळी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे पोलिसांतला वरचा अधिकारी. बरोबर दोन शिपाई. ओट्यावर खुर्ची मागितली, अव्वाला समोर उभं केलं.

"बडी बी, ये क्या जंगल पाल के रखे तुम?"

"म्या कुठं पाळलं, हुजूर. त्येच मला पाळतंय."

"लडका कहां है?"

"हैदराबादला शिकतोय की."

"कौनसी किताब पढता इत्ते दिन?"

"जाड असंल, हुजूर."

अमीन हसला नाही. शिपायांना म्हणाला, आत जाऊन बघा. ते कुंपणाकडून शिरले, आणि मघाशी मी केसाळ शेंगांचा वेल म्हणाले, तो त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारला. ती खाजकुयली होती. पुढं काय झालं ते मी कवाडाआडून पदराचा बोळा तोंडात कोंबून पाहिलं. दोन धिप्पाड माणसं, मिशाबिशा असलेली, परसाच्या तोंडाशी नाचत होती. एकानं पगडी काढून तिनंच अंग घासायला घेतलं, ती पगडीही खाजायला लागली. अमीन खुर्ची मागं मागं सरकवत चालला. अव्वा लगबगीनं काकूंच्या गोठ्याकडं गेली आणि घमेलंभर शेण घेऊन आली. "लावा बाबांनो, अंगाला लावा. उतार पडतोय." तिच्या हातात शेण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जंगल साफ करा असं फर्मावून अमीन गेला. शिपाई शेणानं सारवलेले मागं मागं. मी हसून हसून पोट धरलं. मग बघते तर अव्वा उंबऱ्यावर बसलेली आणि शेणाचे हात लुगड्यालाच पुसत होती.

"अव्वा, अहो गेले ते. तुमचं मुंगूस तेवढं भ्यालं नाही म्हणजे झालं."

ती माझ्याकडं बघत राहिली. या पोरीच्या डोक्यात काही आहे का नुसतीच वेणी आहे, याचा तिनं त्या वेळी अंदाज घेतला असावा. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं.

मुलगा हैदराबादला नव्हता. सरकारविरुद्ध चळवळीत शिरला होता, त्याच्यावर वॉरंट होतं. निजामाच्या सरहद्दीपलीकडं राहायचा, अधूनमधून नदीकडून घरी यायचा, भाकरी खाऊन जायचा. आदल्या वर्षी तो असाच पहाटे येऊन गेला आणि अव्वाला पत्ताच नाही की तिनं नुकत्याच घातलेल्या ओल्या सारवणात त्याचं पाऊल उमटलंय. अमीन आला. काडीनं पाऊल मोजलं. घरातून त्याच्या जुन्या वहाणा मागवल्या आणि एक वहाण त्या पावलावर ठेवली. तंतोतंत बसली. त्या वहाणा घेऊन गेला. मुलगा त्या वेळी निसटला, पण थोडक्यात.

"माझ्याच हातानं लिपल्याल्या भुईनं चुगली केली," अव्वा म्हणाली. "मग म्या म्हणलं, नगं सारवण. रानात पाऊल उमटत न्हाय. वाढू दे रान. दार दिसूच नये नदीवरनं. दिवा बी लावत न्हाय म्या मागच्या अंगाला, सावली पडती. दिवेलागणीला अंधारात कवाडामागं बसती. तो आला की कडी वाजवील, म्या उघडीन."

"आणि गोखरू?"

"वहाणा न्हेल्या की त्येच्या. पोरगं अनवाणी हिंडतंय."

थोड्या वेळानं तिनं हेही सांगितलं की आम्हांला जागा दिली ती ह्यांच्या सरकारी कोटासाठी. पुढं सरकारचा माणूस राहत असला की मागं कुणी बघत नाही. माझी चौथी आणि आमचं वळण पाहून तिनं आम्हांला ठेवलं, असा माझा तोवर समज होता.

ह्यांना मी यातला चकार शब्द सांगितला नाही. खूप नंतर कळलं, ह्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं आणि तेही मला सांगत नव्हते. नाक्यावर पोत्यांत काय आहे ते बघणारा माणूस, घरामागं काय आहे ते त्यानं कधी बघितलं नाही.

त्या दिवसापासून माझंही पाणी घाणेरीला जायला लागलं. आणि काकूंबरोबर निवडायला नुसती डाळ उरली.

पुढचा पावसाळा आला तो गल्ली रिकामी करतच. दंगलीच्या, लुटालुटीच्या धास्तीनं रोज कुणाची तरी गाडी निघायची, भांडीकुंडी, म्हाताऱ्या, शेळी, सगळं घालून. सोलापूर, बार्शी, सरहद्द ओलांडली की सुटलो, असं लोक म्हणत. तिकडं छावण्या उघडल्या होत्या. काकूंची गाडी निघाली तेव्हा त्या अव्वाच्या हाताला धरून म्हणाल्या, "चला अव्वा. कुणासाठी बसलाय हितं? घरं ऱ्हात्यात, माणसं ऱ्हात न्हाईत."

"म्या गेले तर मुंगसाला कवाड कोण उघडील?"

काकूंनी माझ्याकडं बघून डोक्याशी बोट फिरवलं. मी पाहिलं न पाहिलं केलं.

मला दिवस गेले होते. ह्यांनी मला बेंबळीला पोचवलं. बेंबळी काही सरहद्दीपलीकडं नव्हती, पण माहेर ते माहेर. हे नाक्यावर, दिवस-रात्र तिकडंच. घरात अव्वा एकटी. निघताना बघितलं, दारातला तरोटा गुडघ्याएवढा झाला होता. "वाढू दे," ती म्हणाली, "अजून वाढतोय." पीक बघितल्यासारखी बघत होती.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत होते. दिवाळीच्या सुमाराला लेकराला घेऊन परत आले. अव्वा वाळली होती, पण डोळ्यांत तेज. लेकराला घेऊन थेट परसात गेली. तरोटा वाळून त्याच्या शेंगा खुळखुळत होत्या. "ऐक," ती लेकराला म्हणाली, "मामाचा खुळखुळा."

"अव्वा, आता भीती गेली. मामा पुढच्या दारानं येईल, हार घालून."

"सवय मागल्या दाराची हाय त्येला."

गल्लीत माणसं परत येत होती. लपलेली पोरं येत होती, त्यांना ओवाळत होते. अव्वा दोन्ही दारांना फेऱ्या घालायची. सकाळी पुढच्या, संध्याकाळी मागच्या. काकूही परत आल्या.

मग एके दिवशी एक माणूस आला. उमरग्याकडचा, तरणाच, पण ओढलेला. ओट्यावरून मला विचारायला लागला, हितं कोण राहतं, जुनं मालक कुठं असत्यात. तेवढ्यात आतून अव्वा आली. तिला बघितलं आणि तो मुळी खालीच बसला.

"अव्वा, तुमी कवा परत आलात?"

"कुठनं परत? म्या कुठं गेले व्हते?"

 मी पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात नुसतं धरून ठेवलं. अव्वाही त्याच्यासमोर बसली.

"तू त्येच्यासंगं असायचास न्हवं?"

"व्हय." पाणी खाली ठेवलं आणि म्हणाला, "आमी आलतो, अव्वा. श्रावणात. नदीकडनं, दिवेलागणीला. गावातली माणसं समदी गेली म्हून वाटंतच कळलं व्हतं. तरी तो म्हणला, आई जायची न्हाय. मला काठाला थांबवून वर आला. एरंडापतूर. आन माघारी आला."

"माघारी?"

"म्हणला, दारात तरोटा माजलाय. उंबऱ्याला लागलाय. आत दिवा न्हाय. म्या म्हणलं, हाक तर मार. तर म्हणला, कुणाला? माझी आई ह्या घरात असती, तर दारात तरोटा उगवला असता का? सारवल्याबिगर तोंड धूत न्हवती ती."

अव्वा पुढं सरकली. "आरं, पर वाट व्हती की खालनं. साफ केल्याली. एक गोखरू न्हवता तिथं."

"व्हती," तो म्हणाला. "म्या दावली बी त्येला. मुंगसाची असंल म्हणला."

माझ्या मांडीवरचं लेकरू तेवढं हलत होतं. दुसरं काही हललेलं मला आठवत नाही.

मग त्यानं उरलेलं सांगितलं. आई छावणीत असेल म्हणून तो सोलापूरच्या अंगाला सगळ्या छावण्या फिरला. नळदुर्गची माणसं आली का विचारायचा. विभूती लावलेली म्हातारी पाठमोरी दिसली की पुढं जाऊन तोंड बघायचा. एका छावणीत पटकीची साथ होती. तिथनं अव्वाचा मुलगा परत आला नाही. अव्वा रडली नाही. तिनं विचारलं ते एवढंच.

"तरोटा केवढा म्हणला?"

त्यानं हात कमरेशी धरून दाखवला.

"कमरेएवढा कुठला," अव्वा म्हणाली. "माझ्या छातीला लागत व्हता."

आणि मग माझ्याकडं वळून, मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं तशी म्हणाली, "त्या येळंला म्या कवाडामागंच असती."

त्यानंतरच्या अव्वाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं दारातला तरोटा उपटला. तेवढाच, हात पोचतील तेवढा. बाकीच्या रानाला तिनं हात लावला नाही, की पाणीही घातलं नाही. काकू विळा घेऊन आल्या, म्हणाल्या, माणसं लावून साफ करू. अव्वा म्हणाली, "असू द्या. आता कुणाला अडतंय." त्या उन्हाळ्यात घाणेरी पहिल्यांदा वाळली. सातभाई दुसरीकडं गेले. मी माझं पाणी ओतून बघितलं, पण एका संसाराच्या पाण्यानं रान जगत नाही.

उपटलेल्या तेवढ्या जागेवर ती सारवण घालायला लागली. रोज, गाव उठायच्या आत. पूर्वी घालायची तसंच, काकू म्हणाल्या, भाकरी टाकून खावी असं. दिवसभर त्यावर कुणाला पाय टाकू द्यायची नाही आणि दिवेलागणीला हातात दिवा घेऊन वाकून बघायची. कधी चिमणीची नखं असत, कधी आमच्या मांजरीची पावलं. बहुतेक वेळा काहीच नसे.

एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली. दिवा खाली धरला होता. सारवणावर बारीक, पाच बोटांची पावलं, एरंडाखालून निघून उंबऱ्यापर्यंत आलेली आणि तिथून वळून गेलेली.

"बघ पोरी," ती म्हणाली. "मुंगूस आलं."

आणि हसली. ते हसणं मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

करोडगिरी बंद झाली, ह्यांची बदली उमरग्याला झाली. निघताना मी पाया पडले. अव्वा म्हणाली, "दारात सारवण घालत जा. कुणी का येईना." पुढं काही वर्षांनी उमरग्याहून येताना मी नळदुर्गला मुद्दाम उतरले. माळवद एका बाजूनं बसलं होतं. पुढच्या दारात, मी झेंडूचा डबा ठेवायची त्या ओट्याच्या फटींतून, तरोटा वर आलेला. हाक मारायची म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. या खेपेला तरोटा खरं बोलत होता.

आता आमच्या नातीच्या बागेत बघावं तर आघाडा आलाय, कुर्डू आलाय, कुठून तरी एरंडही आलाय. ती त्यांचे फोटो काढते, मैत्रिणींना दाखवते.  छान दिसतं. फक्त पावसाळ्यात सकाळी ती उठायच्या आधी मी काठी टेकत मागच्या दारात जाते आणि उंबऱ्याजवळ उगवलेला तरोटा तेवढा उपटून कुंपणापलीकडं टाकते. फरशीवर सारवण घालता येत नाही, म्हणून पाण्याचा सडा टाकते.

परवा ती उठली आणि दारात उभी राहून माझ्यावर डोळे वटारायला लागली. "आजी, इथली झाडं परत कुणी उपटली?"

मी चहाचा घोट घेतला.

"मुंगूस आलं असंल," म्हटलं.